खाली दोघांची नावं

दूध वर यायच्या बेतात होतं, अनुपमाचा हात गॅसच्या बटणापाशी होता, आणि तेवढ्यात मैनाकाकींचा फोन आला. काकी स्वतःहून कधी फोन करत नसत. वाडीत रेंज नाही, देवळामागच्या कातळावर चढावं तेव्हा कुठे दोन काड्या दिसतात. तिथवर चढून त्यांनी फोन लावला म्हणजे काहीतरी तसंच असणार, एवढं तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग असंही आलं, की आता तसं काय उरलंय व्हायचं. "अनू, मी मैना बोलते. साहिलची आये," काकी म्हणाल्या. ओळख द्यायची काही गरज नव्हती. "एक इचारू का गो? रागवू नको. साहिलचा चौकोन आज हिरवा झालाय. सोळा दिस पांढरं व्हतं समदं. आज बगितलं तर हिरवा. आमी त्याला अग्नी दिला, राख नेली. मंग त्याचं काम कोण करतंय?" दूध उतू गेलं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून तिच्या पायावर आलं तरी अनुपमा हलली नाही. "काकी," ती शेवटी म्हणाली, "मी येते. आजच येते. येऊन सांगते." पलीकडे नुसता वारा ऐकू येत राहिला आणि मग काकींचा आवाज, अगदी बारीक झालेला: "म्हंजी सांगण्यासारखं कायतरी हाय."

कोड ठेवायची जी साइट आहे तिच्यावर प्रत्येकाचं एक पान असतं, आणि त्या पानावर वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एवढासा एक चौकोन. त्या दिवशी काम केलं तर चौकोन हिरवा होतो, जास्त केलं तर गडद होतो, नाही केलं तर पांढरा राहतो. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं या चौकोनांपायी किती हळवी होतात हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एक दिवस कोरा जाऊ नये म्हणून स्वतःच्या हळदीतून उठून लॅपटॉप उघडणारा एक जण अनुपमानं पाहिला होता आणि त्याला पोटभर हसून घेतलं होतं. पण चौथीपर्यंत शिकलेली, पोलादपूरच्या वरच्या अंगाला उंबरमाळ नावाच्या तीस-पस्तीस घरांच्या वाडीत राहणारी एक बाई रोज कातळावर चढून मुलाचे चौकोन बघते, हे तिला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. आणि आजचा हिरवा चौकोन साहिलचा नव्हता. तो तिचाच होता. सकाळी सातला उठून तिनं, दोघांनी मिळून चालवलेल्या एसटीच्या वेळापत्रकात, एक फुटकळ दुरुस्ती केली होती. पोलादपूरकडचे यशराज नावाचे एक शाळामास्तर आहेत, कधी भेटलेले नाहीत, पण साइटवर नेमानं चुका कळवतात. दिवाळीनंतर दुपारची गाडी दीडला न सुटता पावणेदोनला सुटते, असं त्यांनी लिहिलं होतं. दोन आकडे बदलायचे होते. सोळा दिवसांत तिनं कशालाच हात लावला नव्हता. म्हटलं, एवढं तरी करावं, कुणाची तरी गाडी चुकायची. आकडे बदलले, बदल नोंदवला, आणि त्या नोंदीखाली नेहमीप्रमाणे आपसूक दोन नावं उमटली. तिचं आणि साहिलचं. सहा वर्षं तशीच उमटत आली होती, आणि ज्याचं नाव नोंदीत असतं त्याचा चौकोन ती साइट हिरवा करते. मेलेल्या माणसाचासुद्धा करते. तिला कुठे कळणार.

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी लागलेली होती. अनुपमा खिडकीपाशी बसली आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की काकींना असंच सांगून टाकावं. मशीनच ते, आपोआप करतं. यात खोटं तरी काय आहे? नाव आपोआपच पडतं. काकी मान हलवतील, पदर डोळ्यांना लावतील, आणि गोष्ट मिटेल. नाहीतर दुसरं सांगावं लागेल, की मे महिन्यापासून त्या पानावर जेवढं हिरवं दिसलं ते सगळं माझं होतं. साहिलनं मेनंतर एक अक्षर लिहिलेलं नाही. हे ऐकल्यावर काकी पुढचं विचारतील. ते पुढचं काय असेल याचा अंदाज तिला येत होता आणि येत नव्हता.  सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. गाडी सुटली तरी तो होताच.

वीर स्टेशनवर त्या दिवशी गाडी उशिरा आली नसती तर यातलं काहीच झालं नसतं, असा एक खेळ अनुपमा मनाशी खेळत असे. कॉलेजचं शेवटचं वर्ष. दोघं मुंबईहून एका परीक्षेहून परत येत होते. वीरला उतरेपर्यंत दुपार टळून गेली होती, आणि बाहेर एकही रिक्षा नव्हती. मालोजीरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गाडी पाठवली होती ती येईपर्यंत दोघं कठड्यावर बसले. त्यांच्याबरोबर उतरलेली एक म्हातारी गठुडं घेऊन याला त्याला विचारत होती, बाबा, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांकडं काय मिळंल का आता? कुणाला सांगता येईना. साहिल उठला, तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "अनू, गंमत बघ. गाडी आहे. सव्वापाचला आहे. मला माहीत आहे, कारण मी तिकडचा आहे. तिला माहीत नाही. बास, एवढंच करायचं." त्या 'एवढंच'चं नाव पुढे 'गाडी कधी?' असं पडलं. वीरपासून, महाडपासून, पोलादपूरपासून कुठल्या वाडीला कुठली एसटी, कुठली जीप, किती वाजता, हे फोनवर दिसावं. वर जाऊन रेंज गेली तरी दिसावं, एकदा खाली उघडलं की पान फोनमध्येच राहावं. आणि कोड सगळ्यांना उघडा. उद्या कुणी खेडचा, कुणी भोरचा उठला, तर त्यानं तो उचलावा, आपल्या वाड्यांची नावं भरावीत, आपला म्हणून चालवावा. कुणाची परवानगी नको. ही उघडेपणाची कल्पना समजावून सांगायला तिला वडिलांशी दोन तास घालावे लागले होते आणि तरी ते शेवटी म्हणाले होते, "म्हणजे विहीर तुम्ही खणायची आणि पाणी गावानं भरायचं." साहिलच्या आईला सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग हीर कशाला खनतात?"

पहिल्या पानाची परीक्षा काकींनीच घेतली होती. उंबरमाळच्या पडवीत, पिठाचे हात पुसून, एका बोटानं पडदा ढकलत. "ह्ये दाबायचं हाय, ह्ये मला कसं कळावं? दाराला कडी असते ती दिसते. तुमचं नुसतं अक्षर हाय." साहिल आणि अनुपमा एकमेकांकडे बघून हसले होते आणि त्याच संध्याकाळी सगळ्या बटणांना जाड काठ आले. अक्षर मोठं झालं. इंग्रजी गेलं. सहा वर्षांत त्या पानात किती लोकांनी हात घातला, कोण कुठले लोक, नाशिकचे, कारवारचे, एक तर दूर कुठे जर्मनीत बसलेला कुडाळचा माणूस, पण काकींच्या कडीचा काठ कुणी काढला नाही. आणि दोघांच्या नावांचं ठरलं ते त्याच पडवीत. नोंद करताना खाली ज्यानं काम केलं त्याचं नाव पडतं, हे साहिलला आवडलं नव्हतं. "आमच्याकडं लावणीला आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या. कोणी किती मुठी लावल्या ते कोण मोजतं? काम कुणीही करू, खाली दोघांची नावं." त्यानं तसा एक मसुदाच दोघांच्या लॅपटॉपवर बसवून टाकला. बदल कुणीही नोंदवो, खाली दोन ओळी तयार. अनुपमानं तेव्हा त्या दोन ओळींकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं. लग्नाच्या पत्रिकेत असतात तशी एकाखाली एक नावं. ती काही बोलली नाही, तोही बोलला नाही. दोघांनाही न बोलण्याची फार हौस. एकदा जेवताना मालोजीरावांनी विचारलं, "तो मुलगा कुठला?" "उंबरमाळचा." "वरच्या वाडीतला," ते म्हणाले आणि ताक मागितलं. एवढंच. पण अनुपमाला ते पुरलं. तिनं पुढे काही विषय काढला नाही, आणि का काढला नाहीस हे साहिलनंही कधी विचारलं नाही. बोलायचं ते सगळं ती दोघं कोडबद्दल बोलत. हा रंग जरा मऊ कर, ही ओळ इथे नको, तू जेवलास का.

पोलादपूर आलं. स्टँडवर भाताच्या पेंढ्याचा वास होता. वर जाणारी जीप भरायची होती आणि ड्रायव्हर चहाला गेला होता. मागच्या बाकावर बसल्या बसल्या तिनं फोन काढला आणि साहिलचं पान उघडलं. इतके महिने तिनं ते उघडलं नव्हतं, मुद्दाम. आता तिला ते काकींच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. जून हिरवा. जुलै हिरवा. ऑगस्टमध्ये तर रविवारसुद्धा गडद. तिचे ते रविवार तिला ओळखू आले. महाडच्या फ्लॅटमध्ये एकटीनं काढलेले, कुणाकडे जावंसं वाटत नाही म्हणून बसल्या जागी कोड साफ करत घालवलेले. गणेश चतुर्थीचा चौकोन वर्षातला सगळ्यात गडद होता. साहजिकच होतं. गणपतीला अख्खी मुंबई कोकणात उतरते, जादा गाड्या सुटतात, तेव्हा 'गाडी कधी?' रात्रंदिवस चालतं. आरती झाल्याबरोबर ती घरच्यांमधून उठून माडीवर जाऊन बसली होती आणि पंचवीस नोंदी केल्या होत्या. पंचवीस वेळा खाली दोघांची नावं. हे सगळं चालू होतं तेव्हा साहिल पुण्याच्या खोलीत होता. नोकरी गेलेली, लॅपटॉप विकलेला, फोनचा नंबर बंद. हे तिला कळलं ते सगळं संपल्यावर, त्याच्या चुलतभावाकडून, स्वराजकडून. कावीळ झाली होती. तीन आठवडे अंगावर काढली. खोलीच्या मालकाला तो पाणी भरायला आलेला दिसेना म्हणून त्यानं दार वाजवलं आणि मग दवाखान्यात नेलं. दवाखान्यात दोन दिवस. अनुपमा उंबरमाळला पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. सहदेवकाका, साहिलचे वडील, डोक्यावर पंचा घेऊन नुसते बसून होते आणि काकी आल्यागेल्याला पाणी देत होत्या.

मे महिन्यात काय झालं ते त्याच कोडच्या साइटवर जगाला वाचायला उघडं आहे. कुणीही जाऊन वाचावं. साहिलनं दोन महिने खपून 'गाडी कधी?'चा सगळा दर्शनी भाग नव्यानं लिहिला होता, कुणालाही न सांगता, आणि एका सकाळी तो तिच्यापुढे टाकला. घे म्हणून. आता कळतं, की नोकरी तेव्हाच डळमळत होती आणि त्याला काहीतरी आपल्या हातानं उभं राहिलेलं बघायचं होतं. तेव्हा एवढंच दिसलं, की महिनाभर हा माणूस फोन उचलत नाही आणि एकदम हजार ओळींचा भारा आणून दारात टाकतो. तिनं तपासलं. जुन्या फोनवर ते अडखळत होतं, हे खरं. पण दुरुस्त करता आलं असतं, हेही खरं. तिनं लिहिलं, "हे घेता येणार नाही. जुन्या फोनवर चालत नाही. न विचारता एवढं बदलायचं नव्हतं. यापुढे मी एकटीच बघते, तुझं नाव काढते." आणि त्याचा प्रस्ताव बंद केला. तिला वाटलं होतं, तो भांडेल. सहा वर्षांत निदान एकदा तरी भांडेल, आणि भांडता भांडता ते दुसरंही काहीतरी तोंडातून निघेल. साहिलनं त्याखाली नुसता अंगठा टाकला. बरं, अशा अर्थाचा. त्यानंतर त्यानं ते दार कधी उघडलं नाही.

आणि तिनं नाव काढलं नाही. मसुद्यातली एक ओळ पुसायची, तीन सेकंदांचं काम. दोनदा फाइल उघडली आणि दोनदा तशीच मिटली. जगासमोर लिहून बसले होते की काढते, आणि रोज नोंद करताना खाली ते नाव आलं की आतून जरा हलकं वाटायचं. आज नाही उद्या तो बघेल, त्याला दिसेल, की हिनं काढलं नाही. मग तो फोन करेल. फोन आपण का करू नये, हेही तिला सुचायचं, आणि एकदा केला तेव्हा नंबर बंद होता. म्हणजे आपल्याला टाळायला बदलला, असा तिनं अर्थ लावला. माणसाला स्वतःचाच राग सगळीकडे कसा दिसतो.

जीपनं उंबरमाळच्या पायथ्याशी सोडलं. वर चढताना झोडणीचा आवाज ऐकू येत होता, धप्, धप्. खळ्यावर सहदेवकाका एकटेच भात झोडत होते. त्यांनी तिला पाहिलं, पेंढी हातात तशीच धरून मान हलवली आणि परत झोडायला लागले. मैनाकाकी पडवीत होत्या. त्यांनी तांब्या पुढे केला. ती पाणी प्यायली. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यानला मीच सांगितलं सकाळी. चूक झाली गो माझी. तवापास्नं पोटात कन नाय. म्हनतात, आपन बगितला त्यो आपलाच व्हता का. आता काय बोलू? मीच त्वांड बगितलं, मला ठावं नाय?" त्यांनी खळ्याकडे पाहिलं. "मशीन आपआप करतं काय गो? तसं असंल तर सांग. मी ह्यांना सांगते."

शब्द तिच्या पुढ्यात आयते आले होते. नुसतं हो म्हणायचं होतं. अनुपमानं काकींच्या हातांकडे पाहिलं. नाचणीच्या कणसांनी चिरलेली बोटं, त्यातलं एक फोनच्या कडेवर ठेवलेलं, हलू नये म्हणून ठेवावं तसं. ती म्हणाली, "काकी, ते माझं काम आहे. आम्ही सुरुवातीला ठरवलं होतं, काम कुणीही करू, खाली दोघांची नावं. आज मी काम केलं, त्याचं नाव पडलं. म्हणून हिरवं झालं."

"आज."

"आजचंच नाही. मे महिन्यापासून सगळं."

धप्, धप्. काकींनी फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "श्रावन?" "माझं." "गनपती?" "माझंच, काकी." "आनि ह्ये, पितरपाटातलं?" तेव्हा तो काविळीनं पडून होता. अनुपमानं होय म्हणून मान हलवली. काकी रडल्या नाहीत. हिशेब चुकला की माणूस पुन्हा पहिल्यापासून बघतो, तशा त्या बोटानं एकेक चौकोन खाली सरकवत राहिल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या, तिच्याशी की फोनशी कोण जाणे. "ह्यांची न त्याची बोलाचाली झालेली. मुंबैची नोकरी नको म्हनाला म्हनून. हे म्हनले, आता त्यानं फोन केल्याबगर कुनी करायचा नाय. मी गुपचूप लावला तर लागंना. पन चौकोन हिरवा. मी म्हटलं, रागात नंबर बदलला, पन हाय बरा. काम करतोय म्हंजी जेवतोय. गडद दिसला की म्हनायची, राबतोय गो पोर लय, रविवारी पन सुट्टी नाय. श्रावनात एकदा माझा जीव ऱ्हाईना. ह्यांना म्हटलं सव गावाला जाते, भैनीकडं, गरम पान्याच्या कुंडात गुडघं शेकते. भाकऱ्या बांधल्या. पोलादपूरच्या ष्टँडवर पुन्याची गाडी लागलेली व्हती. एक पाय वर ठेवला. तितं रेंज असते. म्हटलं एकदा बगावं. बगितलं तर ह्यो एवढा गडद. म्हटलं, उगाच जाऊन त्याच्या कामात खोडा. पाय खाली घेतला. परत आले."

अनुपमाला वाटलं, आता काकींनी काहीतरी म्हणावं. शिवी द्यावी, ऊठ म्हणावं. ती त्यांच्या पायांशी सरकली. "मला माहीत नव्हतं, काकी. तुम्ही बघता हे मला माहीत नव्हतं."

"तुला कसं ठावं असनार. त्यानं मला एकटीलाच सांगितलेलं." काकींनी फोन पदराला पुसला. "गेल्या साली गनपतीला आला तवा. त्याच्या आदी चार दिस खोलीत तापानं पडलेला, कुनाला सांगितलं नाय. मी रागावले. तर मला ह्ये उघडून दिलं, म्हनला, आये, मला फोनवर नाय सांगता येत बरं नसलं तर. लाज वाटते. तू ह्ये बगत जा. हिरवं हाय तवर मी बरा हाय. पन लागोपाठ आठ दिस पांढरं दिसलं, तर कुनाला इचारू नको, बापाला पन नको. सरळ निघून ये."

खळ्यावरचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तेव्हा तो थांबला की तीही थांबायची; त्याच्याशिवायचं हिरवं होतं ते मेपासूनचं, तिच्या एकटीचं.  काकी तिच्याकडे वळल्या. "एक सांग. तुझ्या कामानं त्याचं हिरवं व्हतंय, ह्ये त्याला ठावं व्हतं?"

यावर खोटं बोलता आलं असतं. हो, माहीत होतं. म्हणजे तो आईची वाट बघत नव्हता, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि काकी सुटल्या असत्या. पण तिची जीभ आता थांबेना. "मेनंतर नाही," ती म्हणाली. "मी त्याला लिहिलं होतं, तुझं नाव काढते. त्याला वाटलं असणार, मी काढलं."

"आनि काढलं नाय."

"नाही."

"का गो?"

"जीव झाला नाही." आणि मग सहा वर्षांत ज्याला सांगायचं त्याला जे कधी सांगितलं नाही ते तिनं त्याच्या आईला सांगितलं, त्याच्याच पडवीत, भलत्याच दिवशी. "मला तो हवा होता, काकी."

मैनाकाकींनी हात उचलला, पण तिच्या डोक्यावर ठेवला नाही. हात मधेच कुठेतरी राहिला आणि मग त्यांच्याच गुडघ्यावर गेला. मग त्या बोलल्या, आणि आवाज अगदी सरळ होता, रोजच्यासारखा. "म्हंजी मेपास्नंच तितं बसल्या बसल्या त्यानं धरलं असंल, आता आठ दिस झालं. आयेनं बगितलं असंल. आता निघाली असंल. मंग पंधरा झालं, म्हैना झाला, कावीळ झाली." त्या अंगणात बघत होत्या. "त्याला वाटलं असंल, आयेनं बगितलं, नि आली नाय."

 ऊन पडवीच्या कडेवरून खाली सरकलं. एक कोंबडी येऊन तांब्याशी चोच मारून गेली. झोडणी थांबली होती, हे अनुपमाच्या लक्षात आलं ते सहदेवकाका समोर येऊन उभे राहिल्यावर. अंगभर भाताचा कोंडा, भुवयांवरसुद्धा. ते खाली बसले नाहीत. आधी बायकोकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ज्या माणसानं फोन करायला घरात बंदी केली होती तो हाच, असा अनुपमाच्या मनात एक विचार येऊ पाहत होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो आला नाही.

"काय म्हनते पोर?" त्यांनी विचारलं. "त्यो हिरवा कसा झाला म्हनते?"

मैनाकाकींनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "काय नाय," त्या म्हणाल्या. "मशीन हाय ते. आपआप करतंय म्हनते. मानूस गेला तरी चार दिस चालू ऱ्हातं."

"तसं हाय?" सहदेवकाकांनी अनुपमाला विचारलं. "खरं गो बाय?"

काकी तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणातल्या तुळशीकडे ओतत होत्या, आणि पाणी संपलं तरी तांब्या तसाच धरून होत्या.

"हो, काका," अनुपमा म्हणाली. "आपोआप होतं."

"बरं," सहदेवकाका म्हणाले. त्यांनी भुवईवरचा कोंडा तळहातानं पुसला. "मला उगाच वाटलं." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दोघींपैकी कुणी विचारलं नाही.